विलासचे धूसर फोटो

विलास गेल्याचं मला आमच्या छायाचित्र मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. निपाणीहून बेळगावची बस पकडली होती, त्याच्याकडेच निघालो होतो. त्याच्या बायकोचा, शोभावहिनींचा, फोन येण्याआधीच ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. ‘थोर कलावंत’, ‘बेळगावचं भूषण’... सकाळी तो अंघोळीला गेला आणि तिथेच कोसळला. दुपारपर्यंत त्याला भूषण ठरवणाऱ्या या माणसांनी इतकी वर्षं त्याला ‘डबडेवाला’ म्हणून हिणवलं होतं. महिना उलटला तरी माझा राग उतरत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

विलास बेळगावातल्याच वडगावच्या विणकर घरातला. वडिलांचे माग बंद पडले तेव्हा तो बँकेत लागला, पण जीव त्याच गल्ल्यांत राहिला. त्याला नाद होता जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचा. म्हणजे फिल्मचे नव्हेत, त्यांच्यानंतर पहिल्यांदा आले ते... जाडजूड, पेन्सिल सेल खाणारे. त्यातला एक तर फोटो फ्लॉपीवर साठवायचा. मोबाइल आले आणि लोकांनी ते आधी कपाटात, मग भंगारात टाकले. विलास ते निपाणीच्या बाजारातून, कोल्हापूरच्या बंद पडलेल्या स्टुडिओंतून उचलून आणायचा. फुटलेल्या सेलचा गंज लिंबाच्या रसानं पुसत बसायचा. आणि काचेच्या कपाटात मांडून न ठेवता रविवारी गळ्यात अडकवून वडगावात हिंडायचा. खडखडणारे माग, केसांत सुताची कुसं अडकलेल्या बायका, दारात बसून चहा पिणारे म्हातारे. ते फोटो मऊ असायचे, कडा विरलेल्या, सावल्यांत दाणे उठलेले. मी एकदा विचारलं, हातात चांगला मोबाइल असताना हे कशाला?

“मोबाइल तोंडावरचं डाग आपणच पुसतोय रं,” तो म्हणाला. “ह्येला जेवढं दिसतंय तेवढंच ह्यो दावतोय. न्हाय दिसलं तर न्हाय.”

मंडळाच्या प्रदर्शनाला त्यानं फोटो दिले की ते परत यायचे. एकदा अध्यक्षांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, हे मुद्दाम बिघडवले की आपोआप बिघडले? लोक हसले. विलासही हसला, तेव्हाही मला त्याचा राग आला होता.

आणि तो गेल्यावर याच मंडळानं त्याच्या स्मरणार्थ प्रदर्शन ठरवलं. वहिनींकडून विश्वासानं मेमरी कार्डं नेली. उद्घाटनाला मी वहिनींना आणि वडगावच्या गंगाक्कांना घेऊन गेलो. गंगाक्कांचे यजमान सिद्रामअण्णा दोन वर्षांपूर्वी वारले. ते मागावर बसलेले असताना विलासनं काढलेला त्यांचा फोटो तिथे असणार होता. त्यांचा दुसरा धड फोटोच नव्हता घरात.

भिंतीवर भलेमोठे, चकचकीत फोटो होते. एकही विलासचा वाटेना. सिद्रामअण्णांच्या डाव्या डोळ्यात लहानपणापासून फूल पडलेलं होतं. भिंतीवरच्या माणसाचे दोन्ही डोळे टपोरे, स्वच्छ होते. गाल भरलेले. पडलेले दात परत आलेले. गंगाक्का बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “ह्यो डोळा कुणाचा?”

मी अध्यक्षांना गाठलं. त्यांना यात काही गैर वाटतच नव्हतं. कॉम्प्युटरवर सगळे फोटो सुधारून घेतलेत, म्हणाले. असली धूसर चित्रं आजकाल कोण बघतं, उलट विलासचंच नाव मोठं होतंय. जिवंतपणी त्याचं काम नाकारलंत, मेल्यावर पुसून टाकलंत, असं मी भर हॉलमध्ये सांगितलं. मग स्टूल ओढून सिद्रामअण्णांची फ्रेम उतरवली आणि भिंतीकडे तोंड करून खाली ठेवली. कुणीतरी माझा हात धरला. शोभावहिनी पुढे झाल्या आणि शेजारची फ्रेम स्वतः काढायला लागल्या. मग कुणी अडवलं नाही.

कार्डं तेवढी शाबूत होती. मूळ फोटो मी निपाणीच्या स्टुडिओत छापून घेतला. तिथल्या माणसानं जरा साफ करून देऊ का विचारलं, त्याच्यावरही मी नको इतका ओरडलो. गंगाक्कांनी फोटो हातात घेतला, त्या पांढऱ्या फुलावर अंगठा ठेवला आणि म्हणाल्या, “हां. ह्ये आमचं मालक.”

त्यांच्या घरात फोटो मागाच्या वरच्या भिंतीला लावून झाला. त्याखाली त्यांना उभं करून मी माझ्या मोबाइलवर एक फोटो काढला. क्षणात निघाला. मी मोबाइल खिशात टाकला, तरी त्या पदर सावरून, हनुवटी वर करून, श्वास धरून तशाच उभ्या. मला आधी कळेना, मग आठवलं. विलासचे कॅमेरे फोटो काढल्यावर तो कार्डावर उतरवायला वेळ घ्यायचे, आणि तोवर विलास कुणाला हलू द्यायचा नाही. अख्ख्या गल्लीला त्यानं तसं उभं राहायला शिकवलं होतं.

“झालं व्हय?” त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

थांबा, म्हणालो मी. अजून थोडं थांबा.