संडिगे आणि सांडगे

गच्चीवर संडिगे वाळत होते. त्या दुपारी आई गेली.

दुसऱ्या दिवशी मी वर जाऊन कापड उलटं केलं, मागून पाणी शिंपडलं आणि एकेक करून संडिगे सोडवून पुन्हा उन्हात ठेवले. वाळल्यावर डबा भरला.

आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात आहे. आमच्या मराठीत कानडी इतकी मुरली आहे की ती वेगळी काढता येत नाही. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, जिरं-मिरची घालून तिचे बोटांनी लहान गोळे घालायचे, वाळले की तळायचे. तेलात ते फुलतात. याला आम्ही संडिगे म्हणतो. पुण्याकडचे सांडगे निराळे. ते वाटलेल्या डाळींचे असतात आणि रश्श्यात शिजवतात. डब्यात पडलेले दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात.

माझा धाकटा भाऊ बेंगळुरातच, एचएसआर लेआउटला राहतो. बायको पुण्याची. लग्नानंतर त्याचं मराठी सुधारलं. मला तो अक्का म्हणायचा, ते ताई झालं. मग त्यानं आईलाही सुधारायला घेतलं.

"आई, संडिगे नव्हे गं, सांडगे. संडिगे म्हणजे कानडी झालं."

"मग तुझे सांडगे तू शिजव बाबा," आई म्हणाली. "माझे संडिगे तेलातच जाऊ देत."

तो हसला. मी मात्र नंतर शब्दकोश काढून पाहिला. सांडगा होता. संडिगे नव्हतं. आईला मी हे सांगितलं नाही.

डबा मी वर्षश्राद्धासाठी ठेवला. त्या दिवशी आईच्या नावानं मांडलेल्या पानावर तिच्याच हातचे संडिगे पडावेत, एवढीच माझी इच्छा होती. वर्षभर त्यातला एकही तळला नाही.

श्राद्ध भावाकडे होतं. सकाळी मी डबा ओट्यावर ठेवला आणि केळीची पानं आणायला खाली उतरले. पानवाल्याशी बोलत असतानाच भावाचा फोन आला.

"ताई, या डब्यात काय आहे?"

"संडिगे. आईचे. पानात वाढायचेत."

"सरी, सरी," तो म्हणाला. घाईत असला की 'बरं'च्या जागी त्याचं कानडी अजून बाहेर येतं.

वर आले तेव्हा हिंगाची फोडणी बसली होती आणि भावजय पातेल्यात डाव फिरवत होती. डबा शेजारी उघडा पडलेला.

"ताई, अहो हे सांडगे विरघळलेच सगळे! जुने होते का? मी तर नीट उकळी आल्यावर टाकले."

तिची चूक नव्हती. तिच्या माहेरी असंच करतात. मी भावाकडे पाहिलं. जन्मभर त्यानं हे संडिगे तळलेले खाल्ले होते. आईची पाठ वळली की मूठभर उचलून पळायचा.

"तू काय सांगितलंस तिला?"

"सांडगे म्हणालो. तू म्हणालीस तेच."

"मी संडिगे म्हणाले."

"एकच की गं. शब्दाचं काय घेऊन बसलीस आजच्या दिवशी?"

पातेल्यात पिवळा लगदा झाला होता. वेळ नव्हता, म्हणून तोच पानांत वाढला. आईच्या पानावरही. जेवताना गुरुजी म्हणाले, "पिठलं छान झालंय. आणखी स्वल्प वाढा."

सगळे हसले. भाऊही हसला, अगदी मोकळेपणी. घरी येईपर्यंत ते हसू माझ्या कानांत होतं.

अजून तो रविवारी फोन करतो आणि ताई म्हणतो. मीही नीट बोलते.

डब्याच्या तळाशी थोडा चुरा आहे. तो तळता येत नाही. संडिगे म्हणणारी घरात आता मी एकटी आहे.