चेंबरचा बोल्ट आणि पिवळी रेघ

बोल्ट माझ्या हातात आला तो स्प्रिंगसकट. मी पिकअपखाली उताणा पडलो होतो, उरलंसुरलं तेल कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि मी त्या बोल्टकडे बघतच राहिलो. ती स्प्रिंग दोन महिन्यांपूर्वी मीच बसवली होती. माझं काम असं हातात येत नाही. गर्व म्हणा हवं तर, पण येत नाही.

गाडी अण्णांची. श्रीरामपूरजवळच्या एका वाडीत त्यांचं दूध संकलन आहे. गाडीवर नामदेव ड्रायव्हर, नऊ वर्षांपासून.

"बगितलं का मिस्तरी?" अण्णा वाकून म्हणाले. "दुसऱ्यांदा झालं. ह्यो नाम्या तेल काढून इकतोय. घाईत कसाबी बोल्ट बसवतो, म्हनून आटे जात्यात. म्या दुसरा मानूस बगितलाय."

गॅरेजात चार गिऱ्हाइकं बसलेली. नामदेव खाली बघत म्हणाला, "अण्णा, कामावरून काढा. पर चोर म्हनून नगा काढू. वाडीतच ऱ्हायाचंय मला."

मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त कुतूहल वाटलं.

इंजिनाच्या तळाशी तेलाचं भांडं असतं, त्याला आम्ही चेंबर म्हणतो. जुनं तेल काढायला त्याला खालून एक बोल्ट असतो. बोल्ट लोखंडी, चेंबर ॲल्युमिनियमचं, म्हणजे मऊ. बोल्ट वाजवीपेक्षा जास्त आवळला की भोकातले आटे सोलून निघतात. मग भोक मोठं करायचं, टॅप नावाचं हत्यार फिरवून नवे आटे पाडायचे आणि त्यात तारेची स्प्रिंग बसवायची. बोल्ट त्या स्प्रिंगमध्ये धरतो. हे काम मूळच्या आट्यांपेक्षा पक्कं होतं. तेही उपटून निघालं, म्हणजे कुणीतरी चांगलाच जोर लावला होता.

बोल्टाखालचा तांब्याचा वायसर, म्हणजे चकती, पुसून उजेडात धरला. बोल्ट सारखा उघडला-लावला की वायसरवर एकात एक गोल खुणा उमटतात. इथं एकच खूण होती, आणि वायसर चेपून पार कागद झालेला.

"अण्णा, हा बोल्ट कुणी सोडलेलाच नाही," मी म्हणालो. "तेल चोरणारा बोल्ट सोडतो. हा कुणीतरी थोडा थोडा आवळत नेलाय. आटे सुटल्यावर तेल गळून रस्त्यावर गेलं."

"मंग नाम्याच आवळत आसंल."

"आठ दिवस द्या मला. तोवर माणूस बदलू नका."

अण्णा नाखुशीनंच हो म्हणाले. या वेळी मी स्प्रिंगऐवजी आतून-बाहेरून आटे असलेलं लोखंडी बुश, म्हणजे आखूड नळीच, बसवलं. बोल्ट मापात आवळला. मग ऑइलपेंटनं बोल्टावरून थेट चेंबरवर एक पिवळी रेघ ओढली. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटणार. हे कुणाला सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी नामदेवला गाडी घेऊन बोलावलं. खाली जाऊन बघतो तर रेघ तुटलेली, आणि आवळायच्या बाजूला बोटभर सरकलेली.

"पाना दाखव तुझा," मी म्हणालो.

त्यानं हत्यारांची पेटीच पुढं केली. "या मापाचा पानाच न्हाई मिस्तरी गाडीत. पयल्यापासून न्हाई."

खरंच नव्हता. गाडी रात्री वाडीवरच उभी असते, म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी वाडीवर गेलो. नामदेव गोठ्यापाशी दुधाचे कॅन लावत होता. अण्णा अंघोळ करून आले. गाडीला उदबत्ती ओवाळली, ती समोरच्या जाळीत खोचली. मग गोठ्याच्या खुंटीवरचा लांब दांड्याचा पाना काढला, सदरा सावरत गाडीखाली सरकले आणि बोल्टाला एक हिसका दिला. उठून गाडीच्या पाया पडले.

मला हसावं की कपाळाला हात लावावा, कळेना.

"अण्णा, हे काय?"

"काय म्हंजे? रोजचंच हाय. वडलांच्या टेम्पोचा बोल्ट पडून इंजिन बसलं हुतं. तवापासून गाडी निगायच्या आदी देवाचं नाव घिऊन एक झटका देतो."

माणूस खोटं बोलत नव्हता. बोल्टाला हात कोण लावतं, या प्रश्नात त्यांनी स्वतःला कधी धरलंच नव्हतं. त्यांच्या लेखी ती पूजा होती, आणि नऊ वर्षं ती बघणाऱ्या नामदेवच्या लेखीही.

मी त्यांना परत खाली घेतलं आणि बॅटरीच्या उजेडात रेघ दाखवली. त्यांनी तुटलेल्या रेघेवरून बोट फिरवलं. बाहेर आले, पाना माझ्या हातात दिला आणि नामदेवकडे वळले.

"नामदेव, चोर म्या गॅरेजात म्हनलो, चार लोकांत. दूध घालून ये. मंग तितंच जाऊ."

दुपारी दोघं आले. त्या दिवशीच्या चौघांपैकी दोन गिऱ्हाइकं अण्णांनी निरोप धाडून बोलावून घेतली होती. त्यांच्यासमोर अण्णा म्हणाले, "आटे म्याच घालवले. ह्याचा काय दोस न्हाई." नामदेवनं सगळ्यांचा चहा सांगितला.

तो पाना माझ्या भिंतीवर टांगलेला आहे. हयगयीनं गेलेले आटे मी थोडे पाहिलेत, काळजीनं गेलेलेच जास्त.

अण्णा आता झटका देत नाहीत, मी नव्यानं ओढलेल्या रेघेला कुंकू लावतात. गाडी सर्व्हिसला आली की मला आधी कुंकू पुसावं लागतं. खाली रेघ सरळ असते.