पत्त्यातला 'मेल्या'

आमच्या घरात मी शिवी चालू देत नाही. म्हणून ती घरातून निघून जगभर गेली.

बाळांनो, तुमच्या मामाने आपल्या देवगडच्या बागेची वेबसाइट केली आणि हापूसच्या ऑर्डरींसाठी तिच्यावर माझा ईमेल पत्ता टाकला. झालं! रोज सकाळी लॉटऱ्या, वजन घटवायच्या गोळ्या आणि नापासांच्या पेपरांतही न पाहिलेलं इंग्रजी! त्या ढिगात ऑर्डरी सापडेनात.

मामा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, यंत्रं वेबसाइटवर फिरून पत्ते तोडून नेतात."

"म्हणजे वानर!" आजोबा म्हणाले.

"नवा पत्ता काढू आणि वेबसाइटवर त्यात एक फालतू शब्द घालू. माणूस तो काढून टाकेल, यंत्राला कळणार नाही."

"'मेल्या' घाल," आजोबा म्हणाले. "शिवी गाळूक भल्या माणसाक सांगूची गरज नाय."

मला पटलं! (चाळीस वर्षं इंग्रजी शिकवून ही अक्कल.)

"आई, तू? हा शब्द?" मामा दचकला.

"रोमन लिपीत तितकासा लागत नाही. टाक. आणि खाली सूचना नको, ती यंत्रही वाचेल!"

दुसऱ्या दिवसापासून मेलची पेटी स्वच्छ. मी खूश. मग लक्षात आलं, ऑर्डरीही बंद! इकडे अढीतले आंबे पिवळे व्हायला लागले, वास माजघरात आला. मी तासातासाला पेटी उघडायची.

"इला काय गो?" आजोबा विचारायचे.

"नाही हो!"

दोन्ही वेळा आमरस. वाटायला निघावं, तर शेजारीण मला पाहून दार लावून घ्यायची. (देवगडात आंबे कोण घेणार?)

शेवटी मुंबईहून आमचे जुने गिऱ्हाईक सावंतभावजी फोनवर कडाडले, "वैनी, कितीदा मेल धाडलंय, परत येता!"

"पत्त्यातला 'मेल्या' काढलात ना?"

"कित्याक काढू? माका वाटला, तुम्ही मायेन लिवलात!"

सगळ्या मालवणी गिऱ्हाइकांना तसंच वाटलं होतं! अर्ध्या आंब्यांच्या पेट्या फोनवरच्या ऑर्डरींनी कशाबशा गेल्या. उरलेल्यांची साठं घातली, तीच तुम्हांला पाठवली.

मी लगेच पत्ता दुरुस्त करून घेतला. लॉटऱ्या परतल्या आणि त्यांच्यात सावंतभावजींचं पत्र: 'वैनी, पत्त्यातलो मेल्या काढलात? आमचा काय चुकला?'

माझा जीव कळवळला. तत्काळ उत्तर लिहिलं: 'काही नाही हो, मेल्या!'

(संगणक पडवीत आहे. घरात मी अजूनही शिवी चालू देत नाही.)