दीड फूट

माझ्या गाडीला तात्या सुतारांनी बांधलेल्या केबिनची पाठ मी त्यांच्या नकळत कापून घेतली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत पिकअप घेतली की हातात यायची नुसती चासी आणि पुढचं तोंड. केबिन आणि मागचा हौदा आपण सुताराकडून बांधून घ्यायचा. रत्नागिरीत त्यासाठी तात्या. भाट्याच्या वाटेवर त्यांची शेड होती. गिऱ्हाईक आलं की तात्या चासीकडे बघतही नसत. जमिनीवर खडूनं केबिन आखत, आत स्टुलं मांडत आणि म्हणत, "बसा. आता आंबा घाट चढा." खरोखर अर्धा तास बसवून ठेवत. कुणाचा गुडघा रेघेबाहेर आला की कानावरची पेन्सिल काढून त्यावर टिचकी मारत. "हा काय मागनं पायी येनार कोल्हापूरला?"

मला आंब्याच्या पेट्यांसाठी लांब हौदा हवा होता. पुढे ड्रायव्हर आणि मी, बस्स.

"नि पेट्या उतरवनार कोन? देव?"

"आमचा गडी गंगाराम आहे ना. तो बसेल पेट्यांवर."

"बागवाल्या, आंब्याला पेंढा घालतोस मऊमऊ, नि गंगारामाच्या बुडाखाली खिळे?"

शेडमधली माणसं हसली. मी चिडलो. ड्रायव्हरच्या मागे आडवी शीट घालायची तर हौदा दीड फुटानं आखूड होणार, म्हणजे दर फेरीला वीस पेट्या कमी. तीन दिवस हुज्जत झाली. तात्यांचं एकच पालुपद, "माल बोलत नाय, म्हनून आधी मानसाला जागा." शेवटी मी हो म्हटलं. त्यांनी शीट घातली, केबिनला पाठ केली आणि त्या पाठीला हौद्याचा कठडा बोल्टांनी असा आवळला की दोन माणसं लोंबकळली तरी करकरला नाही. पहिला हंगाम गंगाराम शीटवर मांडी घालून, बिडी ओढत कोल्हापूरला गेला.

दुसऱ्या वर्षी बाग लदलदून आली. मी गाडी दूरच्या एका गावी नेली, शीट काढली, पाठ कापून पुढे सरकवून घेतली. घाई होती, कठडा नुसत्या खिळ्यांवर ठोकला. वर तोच हिरवा रंग.

"भाऊ, शीट कुठं गेली?" गंगारामनं विचारलं.

"तात्यांनीच काढून दिली. म्हणाले, नसली तरी चालेल."

तात्या म्हणाले म्हटल्यावर त्यानं पुढे विचारलं नाही. पेट्यांवर चढला आणि कठडा धरून बसला. घाटातल्या एका वळणावर तो कठडा त्याच्या हातातच आला. माणूस वाचला, पाय मांडीत मोडला.

तात्या दवाखान्यात आले ते वाटेत आमच्या दारातली गाडी आणि तिच्या कठड्याचे खिळे बघून. मी खाटेशी मोसंबं सोलत होतो. गंगाराम त्यांना म्हणाला, "तात्या, शीट काढलीत ती काढलीत, कठडा तरी नीट मारायचात."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोसंब्याकडे. मग ते त्याच्या पांघरुणावरून हात फिरवत एवढंच म्हणाले, "कठडा नीट नव्हता, खरं हाय."

बाहेर व्हरांड्यात मी त्यांच्या पायाशी वाकायला गेलो. त्यांनी दंडाला धरून उभं केलं. "माझ्या पाया पडून त्याचा पाय सरळ होतो काय? मी सांगितलं तर ती चहाडी, मेल्या. तू सांगितलंस तर ते खरं. उद्या गाडी घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा खडूनं केबिन आखली. मला मागच्या स्टुलावर बसवलं, गंगारामच्या जागी. या खेपेला घाट चढायला सांगितलं नाही. मी बसून राहिलो आणि ते माझ्यासमोर एकेक खिळा उपटत राहिले. शीट पुन्हा बसली. पण गावात बोलणं झालंच: तात्यांचा हात आता पहिला राहिला नाही. दोन गिऱ्हाइकं चासी घेऊन परगावी गेली. तात्यांनी कुणाला खुलासा केला नाही. मी भेटलो की विचारायचे, "गंगाराम काय म्हनतो?" मी म्हणायचो, "बरा आहे." ते मान हलवून रंध्याकडे वळायचे.

चारेक वर्षांनी ते गेले. गंगाराम लंगडत स्मशानापर्यंत आला. परतताना माझ्या खांद्यावर भार टाकून म्हणाला, "मानूस देव होता, भाऊ. माझ्याच वेळेला तेवढा हात चुकला त्याचा."

मी त्याला सावरून धरलं आणि घरापर्यंत पोचवलं.

गंगाराम अजून आमच्या बागेत येतो, कलमांखाली बसून पेट्या भरतो. शीट तात्यांनी नाही, मी काढली, एवढं एक वाक्य मी त्याचं देणं लागतो. इथे लिहिलं, म्हणून ते फिटलेलं नाही. त्याला वाचता येत नाही.