नव्या कायद्याचा पहिला गुन्हा

ती घटना अजून मनातून गेलेली नाही. निवृत्तीनंतर लोक मला सर्वांत अवघड केस विचारतात, तेव्हा त्यांना एखाद्या खुनाची अपेक्षा असते. मला मात्र कामोठ्यातलं एक जळालेलं कार्यालय आठवतं. त्या आगीत कोणी मेलं नाही, कोणाला भाजलंही नाही.

कार्यालय एका लोकप्रतिनिधीचं होतं. त्यांचं नाव, पक्ष, सभागृह यातलं काही मी सांगणार नाही आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्या सुमारास राज्यात एक नवा कायदा आला होता. सार्वजनिक सुरक्षेला धोका असणाऱ्या संघटनांना आवर घालायचा, असा त्याचा हेतू सांगितला गेला. त्यातली कलमं अजामीनपात्र होती. सामान्य माणसाने घाबरायचं कारण नाही, असं सभागृहात आणि टीव्हीवर पुन्हा पुन्हा सांगण्यात आलं. आम्हा पोलिसांना त्याचं एक परिपत्रक आणि एक प्रशिक्षण मिळालं. प्रशिक्षण देणाऱ्या अधिकाऱ्यालाही बऱ्याच शंकांची उत्तरं देता आली नव्हती.

तळोज्याच्या बाजूला एक जुनं गाव आहे. सकाळी वारा कारखान्यांकडून आला की तिथली माणसं खिडक्या लावून घेतात. गावातल्या बायकांनी या वासाविरुद्ध एक समिती केली होती. तिच्यात पुढाकार पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईचा होता. पूर्वी ग्रामपंचायतीची सदस्य, आता घर आणि दोन दुभत्या म्हशी. सगळे तिला काकू म्हणत. लोकप्रतिनिधींची गावात सभा झाली तेव्हा ती उभी राहिली आणि तिने दोन प्रश्न विचारले. वासाचं काय झालं, हा पहिला. दुसरा असा, की आंदोलन करणाऱ्याला आत टाकायचा कायदा तुम्ही केलात, तो वाचला होता का? मंडपात हशा पिकला. कोणीतरी चित्रीकरण केलं होतं आणि ते दोन दिवसांत पनवेलभर फिरलं.

त्यानंतर आठवड्याच्या आतच कार्यालयाला आग लागली.

फिर्याद द्यायला कार्यालय सांभाळणारा कार्यकर्ता आला. तिशीतला तरुण, राहायला उलव्याला. त्याला घेऊन लोकप्रतिनिधींचे स्वीय सहायक स्वतः ठाण्यात आले होते. फिर्यादीनुसार तो पहाटे कार्यालय उघडायला आला तेव्हा आतून धूर येत होता आणि काकूला दोन अनोळखी इसमांसह पळून जाताना त्याने पाहिलं. ठाणे अंमलदार फिर्याद लिहून घेत असताना मध्येमध्ये वाक्यं सहायक पुरवत होते. फिर्यादीचा कागद संपायच्या आत वरून फोन आला की कलमं नव्या कायद्याची लावा. दुपारपर्यंत काकूला अटक झाली. दुसऱ्या दिवशी गुन्हे निरीक्षक म्हणून तपास माझ्याकडे आला.

महिला अंमलदारासमोर मी तिची चौकशी केली. ती घाबरलेली होती, पण रडत नव्हती. पहाटे ती म्हशींची धार काढत होती आणि नंतर शेजारच्या दोन घरी दूध पोचवलं, एवढंच तिचं म्हणणं. मी तेच वेगवेगळ्या बाजूंनी विचारलं. उत्तर बदललं नाही. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना जास्त तपशील देतो, हा माझा अनुभव आहे. ही दर वेळी कमी शब्दांत सांगत होती. शेवटी कंटाळून म्हणाली, "सायब, मी इचारलं. आग लावली नाय. इचारनं गुन्हा हाय का, ते आधी सांगा."

मी तिला सांगितलं की गुन्हा आग लावल्याचा आहे.

दूध घेणाऱ्या दोन्ही घरांतल्या बायकांचे जबाब मी नोंदवले. दोघींनी तिला त्या वेळी दारात पाहिलं होतं. पण त्या गावातल्या, समितीतल्या. कोर्टात सरकारी वकील एका वाक्यात त्यांना बाजूला सारणार, हे मला कळत होतं. म्हणून मी पुन्हा घटनास्थळी गेलो.

पंचनामा आधीच झाला होता. शटरचं कुलूप तोडलेलं नव्हतं, मागची खिडकी फुटलेली होती, तिथून पेट्रोल टाकलं असावं असा निष्कर्ष काढलेला होता. खुर्च्या, पडदे, फायली, सगळ्याचा काळा लगदा झाला होता. मी बराच वेळ भिंतींकडे पाहत उभा राहिलो. टेबलामागे पुरुषभर उंचीवर एक जाड खिळा होता. एवढा खिळा मोठ्या तसबिरीसाठीच मारतात. खाली राखेत तसबिरीची काच नव्हती, चौकटीचा पत्रा नव्हता, हाराची तारही नव्हती. शेजारच्या भिंतीवरच्या घड्याळाची काच मात्र होती.

समोर झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानदाराला विचारलं तेव्हा तो म्हणाला की तिथे नेत्यांच्या दिवंगत वडिलांचा मोठा फोटो असायचा आणि कार्यकर्ता रोज सकाळी हार बदलल्याशिवाय कोणाला चहासुद्धा देत नसे.

कामोठ्याच्या रिक्षा स्टँडवर माझा एक जुना खबरी होता. त्याच्याकडे निरोप गेला आणि दोन दिवसांत खबर आली. आगीच्या आदल्या संध्याकाळी त्या कार्यकर्त्याने उलव्याची रिक्षा केली होती. चादरीत गुंडाळलेलं काहीतरी चपटं आणि मोठं मांडीवर धरून बसला होता. खड्डा आला की रिक्षावाल्याला हळू घ्यायला सांगत होता.

मी त्याला फिर्यादी म्हणूनच पुरवणी जबाबासाठी बोलावलं. दम दिला नाही, आवाज चढवला नाही. पाणी दिलं, चहा दिला. नुकसानीची यादी पूर्ण करायची आहे असं सांगून एकेक वस्तू विचारत गेलो. खुर्च्या किती, पंखे किती, संगणक कोणत्या कंपनीचा. तो भराभर सांगत होता. मग मी विचारलं, "साहेबांच्या वडिलांचा फोटो जळाला, तो किती मोठा होता?"

त्याच्या तोंडून "जळाला" हा शब्द निघेना. मी पुन्हा तेच विचारलं, आणि म्हणालो की यादीत जळाला म्हणूनच लिहितो. तो खाली मान घालून म्हणाला, "तो कसा जाळणार, सर? मला नोकरीला त्यांनीच लावलं होतं."

पुढे सगळं आपोआप बाहेर आलं. सभेच्या चित्रीकरणानंतर साहेब चिडले होते. कार्यालय पेटवलं तर त्या बाईचा बंदोबस्त होईल आणि लोकांची सहानुभूतीही मिळेल, असं सहायकांनी त्याला समजावलं होतं. त्याने किल्लीने शटर उघडलं, आग लावली, बाहेर येऊन खिडकी फोडली. फोटो घरी कपाटामागे ठेवला होता. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, पण त्या निवेदनावरून हस्तगत झालेली वस्तू चालते. पंचांसमक्ष आम्ही तो फोटो उलव्याच्या घरातून जप्त केला. चादर तीच होती, रिक्षावाल्याने ओळखली.

मला वाटलं, केस संपली. ती तिथून सुरू झाली.

सहायकांनी सगळं नाकारलं. दोघांचे फोन झाल्याचं दिसत होतं, पण एकाच नेत्याकडे काम करणारे दोघे रोजच बोलणार. त्यापुढे पुरावा नव्हता. वरिष्ठांनी मला एवढंच सांगितलं, की कार्यकर्त्यापाशी थांबा. त्याच्यावर साधी कलमं लागली आणि त्याला लवकरच जामीन मिळाला. काकूला सोडण्याचा माझा अहवाल मात्र पुढे सरकेना. नव्या कायद्याखालचा आरोपी वगळायचा तर वरची मंजुरी लागत होती, आणि ती मंजुरी देण्याची पद्धत काय हे कोणालाच माहीत नव्हतं. मी पत्रं पाठवत होतो, ती खुलासा मागून परत येत होती. ज्या बाईने गुन्हा केला नाही हे पोलीसच सांगत होते, ती कारागृहात होती.

त्याच काळात मी लोकप्रतिनिधींचा जबाब घ्यायला त्यांच्या बंगल्यावर गेलो. वागणं अतिशय सौजन्याचं. जबाब संपल्यावर मी त्यांना त्या मंजुरीच्या कलमाबद्दल विचारलं. कायदा करताना याचा विचार झाला होता का, एवढंच. ते हसले. म्हणाले, "इन्स्पेक्टर, आम्ही हात वर करतो. वाचायचं तुम्ही." त्यात त्यांना काही लपवावंसं वाटलं नाही, हे मला जास्त लागलं.

काकूच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. मुलाकडच्यांनी पुढे ढकलायला नकार दिला, तात्पुरता जामीनही मिळाला नाही. हळद आईविना झाली. आमच्या भागात हळदीला लोकप्रतिनिधी चुकत नाहीत; तेही गेले. मांडवात आलेल्या माणसाला हाकलत नाहीत, म्हणून काकूच्या नवऱ्याने त्यांना नारळ दिला, शाल दिली. नवरीच्या डोक्यावर हात ठेवलेला त्यांचा फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर होता. खाली लिहिलं होतं, 'सुखदुःखात सदैव सोबत.'

मंजुरी आली तेव्हा मुलगी सासरी रुळली होती. काकू सुटली. कोणी माफी मागितली नाही, भरपाईचा विषय निघाला नाही. लोकप्रतिनिधींनी पत्रकारांना सांगितलं, की कायद्याने आपलं काम चोख केलं, निर्दोष माणूस सुटला.

काही दिवसांनी ती जप्त केलेला मोबाईल न्यायला ठाण्यात आली. बरोबर आलेल्या दोघी फाटकाबाहेरच थांबल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. मुद्देमाल कारकुनाने सही घेतली. मी तिला बसायला सांगितलं आणि समिती कशी चालली आहे ते विचारलं.

"मोडली, सायब," ती म्हणाली. "बाया म्हनतात, वास परवडला."

तिच्या आवाजात माझ्याबद्दल राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

नोकरीच्या सुरुवातीला आम्हाला शिकवलं जायचं की कायद्याचं यश गुन्हे शाबीत होण्यावर मोजतात. या केसने मला दुसरं शिकवलं. त्या कायद्याखाली आमच्या ठाण्यात त्यानंतर दुसरा गुन्हा दाखल झाला नाही, एकाही माणसाला शिक्षा झाली नाही. एका बाईला उचललं आणि अख्खं गाव गप्प झालं. ज्यांनी तो कायदा केला त्यांच्या दृष्टीने एवढं पुरेसं होतं. आम्ही पोलिसांनी खरा आरोपी शोधला, मुद्देमाल जप्त केला, आरोपपत्र वेळेत दाखल केलं. चांगल्या तपासाबद्दल मला प्रशस्तिपत्रकही मिळालं. ते द्यायला प्रमुख पाहुणे म्हणून कोण आले होते, हे वाचकांना सांगायची गरज नाही. मी सॅल्यूट केला आणि ते घेतलं.