कोपऱ्याचा दगड

"बिलकुल इथंच होता, साहेब," असं म्हणून मामा चिखलात टाच रोवायचे. घटकाभरानं तेच वाक्य, तीच टाच, फक्त जागा पार दुसऱ्या टोकाला. तुम्ही असता तर हसला असता. मीही हसायचो.

मी मोजणी खात्यातला माणूस. टेंभुर्णीच्या पुढं एक तलाव आहे, त्यात एक गाव बुडालेलं. उन्हाळ्यात पाणी हटलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक काकडी-टरबूज लावतात आणि मग हद्दीवरून भांडतात. ती भांडणं मिटवायला मला पाठवायचे. माझी जीप थांबली रे थांबली की धोतर गुडघ्यापर्यंत खोचून मामा हजर; सगळं गाव त्यांना मामाच म्हणायचं. त्यांच्या बुडालेल्या शेताच्या कोपऱ्यावर सरकारी मोजणीचा दगड होता, ती जागा त्यांना शोधून हवी होती.

जमीन सरकारजमा होऊन जमाना झाला, आता त्या कोपऱ्याचं काय लोणचं घालायचंय का, असं मी एकदा चिडून विचारलं. "पाहू तर," एवढंच म्हणाले आणि पुढं चालू लागले. चिवट माणूस. मला वाटायचं, टरबुजासाठी चांगला तुकडा अडवायचा डाव आहे.

मग एकदा चहाला म्हणून नव्या गावठाणात घरी घेऊन गेले. बघतो तर दारातच दगड! घडवलेला, डोक्यावर मोजणीची फुली कोरलेली, स्वच्छ धुतलेला. माझी सटकलीच. हद्दीचा दगड हलवणं गुन्हा आहे, हे ऐकवून झाल्यावर मी विचारलं, की दगड दारात असताना तुम्ही तलावात काय धुंडाळताय? चुलीपाशी बसलेल्या मामी उठल्या आणि मागच्या दारानं बाहेर गेल्या.

मामा हळू आवाजात सांगू लागले. पहिली मुलगी बारशाच्या आधीच गेली. एवढ्या लहान जिवाला आपल्याकडे जाळत नाहीत, पुरतात. तिला त्यांनी त्या दगडाच्या पायथ्याशी पुरलं, कारण त्या दगडाला कुणी हात लावत नाही, नांगरही वळसा घालून जातो. दर अक्षय तृतीयेला मामी तिथं तांब्याभर पाणी वाहायच्या. पुढं तलावाचं पाणी चढू लागलं.

"मला वाटलं, दगड संगं नेला म्हंजे ती बी संगं आली," मामा म्हणाले. "बैलगाडीत घालून आणला. हिनं पाह्यला अन् म्हणली, दगड आणला, पोर कुठंय?"

त्यानंतर मामी त्या विषयावर कधी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आमच्या जुन्या मोजणीदारांची एक रीत होती. दगड रोवण्याआधी ते खड्ड्यात कोळसा टाकत. दगड हलला तरी कोळसा कुजत नाही, जागा कळते. हे सांगितल्यावर मामांनी माझा हात धरला तो सोडेचनात. त्या साली तलाव पार आटला होता. जुना नकाशा आणि मशीन घेऊन मी कोपरा काढला. इतक्या वर्षांत मामांनी टाच न रोवलेली तेवढी एकच जागा असावी. खणलं त्यांनी स्वतः. गाळाखाली जुनी काळी माती लागली आणि त्या मातीत कोळसा.

मामांनी त्यातला एक तुकडा उचलला. तळहातावरचा कोळसा बघत लहान पोरासारखे रडले. मलाही आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरमधून दगड आला, मामीही आल्या. दगड जागच्या जागी रोवला. मामींनी पाणी वाहिलं आणि मामांकडे बघून म्हणाल्या, "चला आता घरी." मामांना एवढंच ऐकायचं होतं.

त्या पावसाळ्यात मामा गेले. तलाव काठोकाठ भरला आणि पुढच्या उन्हाळ्यात हटलाच नाही. अक्षय तृतीयेला मी मुद्दाम गेलो. मामी घरून आणलेली घागर घेऊन काठावर उभ्या होत्या. दगड बराबर कोणत्या अंगाला, असं त्यांनी विचारलं. मी बोट दाखवलं. त्यांनी घागरीतून तांब्या भरला, त्या बाजूला तोंड करून तलावात ओतला. मग पुन्हा भरला.

"हा त्यांचा," म्हणाल्या. "ते तिथंच असतील. दुसरीकडं कुठं जातील?"