पॅनेल जळालेत, मी म्हणालो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळत नाही.

मळवलीच्या पुढं, डोंगराच्या कडेला एका गावात मी ग्रामसेवक होतो. तिथल्या सरपंचबाईंनी बुद्धविहाराजवळच्या वस्तीला सौरपंप बसवून घेतला. वस्तीच्या टाकीत ऊन असेल तसं पाणी चढायचं. पुढं शाळेवर आणि आरोग्य उपकेंद्रावरही सोलर बसवायचं ठरत होतं.

मग निवडणूक झाली. बाई पडल्या. नवे सरपंच वाईट होते का? तसंही नाही. माझ्याशी तर अदबीनंच बोलायचे. पण त्या पॅनेलकडं पाहिलं की गावाला बाई आठवायच्या — आणि ते त्यांना खुपायचं.

त्याच सुमारास पंप बंद पडला. वलवणहून मेकॅनिक आला, त्यानं पंपाची पेटी उघडून बघितली. एक छोटा भाग गेलाय, कंपनी फुकट बदलून देईल, म्हणाला. हे त्यानं फक्त मला सांगितलं. मी सरपंचांच्या कानावर घातलं. ते हसले. "भाऊसाहेब, आता ते गेलंच असं समजा. तुम्हाला लोणावळा जवळ पडतं ना? मग राहा की हितंच."

एवढंच. बदलीचा शब्दही काढला नाही; धमकी म्हणावी, तर ती धमकीही नव्हती.

ग्रामसभेत वस्तीतल्या इंदूमावशी उभ्या राहिल्या. सरपंचांकडं त्यांनी पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहिलं. "भाऊसाहेब, तुमी सांगा. त्ये दुरुस्त व्हनार न्हाई का?"

मी काय सांगायला हवं होतं? एका वाक्याचं तर काम होतं. मी म्हणालो — "पॅनेल जळालेत, मावशी. आपल्या पावसाळी भागात हे टिकत नाही."

त्या खाली बसल्या. माझ्यावर विश्वास ठेवून बसल्या. माझ्या त्या वाक्यावर शाळेचं आणि उपकेंद्राचं सोलरही त्याच सभेत रद्द झालं.

वस्तीतल्या बायका पुन्हा खालच्या विहिरीवर जाऊ लागल्या. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून इंदूमावशी घसरल्या. खुबा मोडला. त्या पुन्हा चालल्या नाहीत.

पण माझा खरा गुन्हा याच्याही पुढचा आहे.

पुढच्या निवडणुकीत पुन्हा सत्ता बदलली. आता आलेल्या सरपंचाला सोलर हवं होतं. त्यानं दुसरा माणूस आणून पेटी उघडली. भाग बदलला, पंप सुरू झाला. पॅनेल धडधाकट होते. सरपंचानं सगळ्यांसमोर विचारलं, "मग जळालेत असं कोण म्हणालं होतं?"

तेव्हा तरी मला बोलता आलं असतं, नाही का? आता कुणाची भीती होती? तरीही मी म्हणालो — "तो वलवणचा मेकॅनिक."

त्या माणसाला नंतर आमच्या भागात कुणी कामाला बोलावलं नाही.

पाणी आलं त्या दिवशी मी वस्तीत गेलो. इंदूमावशी ओट्यावर खाटेवर पडून होत्या. मला बघून त्यांनी सुनेला हाक मारली, नव्या पाण्याचा तांब्या मागवला. "तुमच्यामुळं आलं बगा, भाऊसाहेब. पयला घोट तुमी घ्या."

मी घेतला. सगळा तांब्या प्यालो.